'अनात्म' हे नक्की कोणाचं मत? नाशिकच्या लेण्यातून सुरू होणारा एक प्रश्न



आज एका वाक्याबद्दल बोलू या. नेट-सेटच्या प्रत्येक गाइडमध्ये ते तुम्ही वाचलेलं आहे: 'बौद्ध धर्म आत्मा मानत नाही.' वाक्य चुकीचं नाही. परीक्षेत लिहिलंत तर गुण मिळतील. पण पीएच.डी.चा आराखडा या एका वाक्यावर उभा केलात, तर पहिल्याच सादरीकरणात अडकाल. हे मी अनुभवाने सांगते आहे.

माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक होतं, 'बौद्ध परंपरेतील आत्म्याचा नकार'. सरांनी ते वाचलं आणि समासात पेन्सिलीने तीन शब्द लिहिले: 'कोणाचा? कधी? कुठे?' मग विचारलं, "नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यात राहणारे भिक्षू आत्म्याबद्दल काय मानत असतील?" मी म्हटलं, "सर, बौद्धच होते ना ते, मग अनात्मच मानत असणार." सर म्हणाले, "त्या लेण्यातला शिलालेख वाचून ये, मग बोलू."

शिलालेख मला माहीत होता, म्हणजे तसं मला वाटत होतं. गौतमी बलश्रीचा तो प्रसिद्ध लेख, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं त्यात तिने केलेलं वर्णन आपण सगळेच सातवाहनांच्या प्रकरणात पाठ करतो. पण तिने ते लेणं दिलं कोणाला, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. लेखात ते स्पष्ट आहे: भद्रायणीय निकायाच्या भिक्षुसंघाला.

आणि या भद्रायणीयांचं मूळ जुन्या बौद्ध ग्रंथांत वात्सीपुत्रीयांमध्ये सांगितलं आहे. वात्सीपुत्रीय म्हणजे 'पुद्गल' मानणारे. पुद्गल म्हणजे व्यक्ती, आणि ही व्यक्ती खऱ्या अर्थाने आहे, असं म्हणणारे बौद्ध. माझं शीर्षक तिथेच कोसळलं.

आधी मूळ शिकवण नीट समजून घेऊ

सारनाथला पाच भिक्षूंना दिलेलं दुसरं प्रवचन म्हणून परंपरा ज्याला ओळखते, ते 'अनत्तलक्खण सुत्त' संयुत्त निकायात आहे. माणूस म्हणजे पाच स्कंध: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. बुद्ध एकेक स्कंध घेऊन विचारतात. हे शरीर खरंच 'मी' असतं, तर त्याला आजार झाला नसता. 'असं हो, तसं होऊ नको' असं म्हटल्यावर त्याने ऐकलं असतं. ते ऐकत नाही. शिवाय ते बदलतं, आणि जे बदलतं ते दुःखद असतं. मग त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' असं का म्हणायचं? हाच प्रश्न पुढच्या चारही स्कंधांना लावला जातो.

इथे थांबा आणि बारकाईने बघा. या सुत्तात 'आत्मा नाहीच' असं तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातलं सरसकट विधान नाही. 'यातलं काहीही आत्मा नाही' असं आहे. फरक छोटा वाटतो, पण पुढे हजार वर्षं चाललेल्या वादाचं बीज त्यातच आहे.

दुसरा प्रसंग वच्छगोत्ताचा. हा परिव्राजक सरळ विचारतो: आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग आत्मा नाही का? बुद्ध पुन्हा गप्प. तो निघून गेल्यावर आनंद कारण विचारतो. 'आहे' म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, 'नाही' म्हटलं असतं तर उच्छेदवाद्यांची. आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त, 'माझा होता तो आत्माही आता गेला' असं समजून आणखी गोंधळला असता. म्हणजे 'बुद्धाने आत्मा नाकारला' असं एका ओळीत लिहिण्याआधी या मौनाचाही हिशेब द्यावा लागतो.

मग फळ भोगतो कोण?

आता अडचण बघा. आज मी चोरी केली. कर्माचं फळ मिळणार, याच जन्मात किंवा पुढच्या. पण 'मी' म्हणून टिकणारं काहीच नसेल, तर फळ कोणाला मिळतं? करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असं झालं तर न्याय कुठे राहिला?

हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनी विचारलाच, पण त्याआधी बौद्धांनी स्वतःला विचारला. त्याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. राजा मिलिंद म्हणजे इंडो-ग्रीक मिनँडर, आणि त्याच्याशी बोलणारा भिक्षू नागसेन. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचं आणि त्याच्या नागसेनवन परिसराचं नाव याच जोडीवरून आलं आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. नागसेन राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? नाही. मग या सगळ्यांहून वेगळा कुठे रथ आहे का? तोही नाही. 'रथ' हे भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव. 'नागसेन'ही तसंच.

चोरीच्या प्रश्नाला त्याचा दाखला आंब्याचा आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि वर म्हणाला, 'मालकाने पेरले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे.' राजा त्याला सोडेल का? नाही. कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले. तेच नाहीत, पण संबंध नाही असंही नाही. सलगता आहे. टिकून राहणारी वस्तू मात्र नाही.

बहुतेक गाइड इथे थांबतात. तुम्ही थांबू नका, कारण हे उत्तर सगळ्या बौद्धांना पटलं नव्हतं.

पुद्गलवाद्यांचं म्हणणं

वात्सीपुत्रीय आणि त्यांच्यातून निघालेले सम्मितीय यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: पुद्गल आहे. तो स्कंधांहून वेगळा नाही, कारण वेगळा मानला तर तो इतरांचा शाश्वत आत्माच होईल. तो म्हणजे स्कंधच, असंही नाही, कारण मग स्कंधांबरोबर तो दर क्षणी नष्ट होईल आणि कर्माचा धागा तुटेल. म्हणून स्कंधांशी त्याचं नातं 'अवक्तव्य' आहे. 'तेच' किंवा 'वेगळं' या दोन्ही शब्दांत ते मावत नाही. उदाहरण आगीचं. इंधनाशिवाय आग नाही, पण आग म्हणजे इंधन नव्हे.

आधारासाठी त्यांच्याकडे बुद्धवचनच होतं. संयुत्त निकायातल्या 'भारहार सुत्ता'त पाच स्कंधांना ओझं म्हटलं आहे, आणि ओझं वाहणारा कोण, याचं उत्तर आहे: पुद्गल, अमुक नावाचा, अमुक गोत्राचा आयुष्मान. पुद्गलवादी म्हणत, बुद्धाने ओझं आणि ते वाहणारा असे दोन शब्द वापरलेत, तर दोन्ही एकच कसे?

त्यांची कळकळ नैतिक होती. करुणा करायची ती कोणावर? स्कंधांच्या ढिगावर? मुक्ती मिळते ती कोणाला? माणूस कुठेच सापडत नसेल, तर जबाबदारी आणि मैत्री या शब्दांना आधार काय? हे प्रश्न अज्ञानातून आलेले नव्हते. धर्म जगता यावा म्हणून ते विचारले गेले होते.

आपल्याला हे कळतं कुठून? विरोधकांकडून

आता संशोधनाचा खरा भाग. पुद्गलवाद्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेलं आहे.

पहिला साक्षीदार 'कथावत्थु'. थेरवादी अभिधम्म पिटकातला हा वादग्रंथ परंपरेनुसार अशोककाळातल्या मोग्गलिपुत्त तिस्साचा. त्यातली पहिली आणि सगळ्यात लांब चर्चा पुद्गलाचीच आहे. पण मूळ ग्रंथ समोरच्या पक्षाचं नाव सांगत नाही. वज्जिपुत्तक आणि सम्मितीय ही नावं कितीतरी शतकांनंतरच्या अट्ठकथेत येतात. म्हणून 'कथावत्थु सम्मितीयांचं खंडन करतो' असं लिहिताना तुम्ही दोन वेगळ्या काळांचे पुरावे एकत्र शिवत असता. तळटीप देताना हे लक्षात ठेवा.

दुसरा साक्षीदार वसुबंधू, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला. त्याच्या 'अभिधर्मकोशभाष्या'चा नववा भाग याच वादाला वाहिलेला आहे. तो समोरच्याला कोंडीत पकडतो: तुमचा पुद्गल द्रव्य आहे की नुसती प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारातलं नाव? द्रव्य असेल तर त्याला स्वतःचं वेगळं रूप दाखवा. नाव असेल तर आम्हीही तेच म्हणतो, मग भांडण कसलं? आगीचं उदाहरण घेऊन तो विचारतो, आग कशाला म्हणता आणि इंधन कशाला, ते आधी वेगळं करून सांगा. कर्मफळाचं त्याचं स्वतःचं उत्तर बीजाचं आहे. बी, अंकुर, खोड, पान, फूल, फळ. फळ थेट बीमधून येत नाही, पण बीपासून सुरू झालेल्या संततीच्या शेवटच्या बदलातून येतं.

वाचताना वसुबंधू जिंकतोय असं वाटतं. वाटणारच, दोन्ही बाजूंचे संवाद तोच लिहितोय! आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडायची शिस्त होती, आणि वसुबंधूने पूर्वपक्षाला बरीच जागा दिली आहे, हे मान्य. तरी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं स्वतःचं म्हणणं नव्हे. कोर्टात फक्त एका वकिलाने दोन्ही बाजू मांडल्या तर आपण निकाल मानू का?

या ग्रंथाचा आधुनिक प्रवासही बघण्यासारखा आहे. मूळ संस्कृत भाष्य अभ्यासकांच्या हाती नव्हतं. चिनी आणि तिबेटी भाषांतरं होती, आणि १९२३ ते १९३१ या काळात ला व्हॅले पूसँ यांनी त्यांच्या आधारे फ्रेंच भाषांतर केलं. संस्कृत पोथी १९३०च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमध्ये मिळाली आणि प्रल्हाद प्रधान यांनी ती संपादित करून १९६७मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध केली. तेव्हा त्याआधीचा एखादा लेख वापरताना लेखकाच्या हातात कोणता पाठ होता, हे आधी तपासा.

मग पुद्गलवाद्यांचं स्वतःचं काहीच उरलं नाही का? थोडं उरलं आहे, तेही मुख्यतः चिनी भाषांतरांत. त्यातल्या 'सम्मितीय-निकाय-शास्त्र' या ग्रंथाचं के. व्यंकटरमणन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५३मध्ये विश्वभारतीच्या वार्षिकात आलं. या ग्रंथांमध्ये पुद्गलाबद्दल तीन प्रकारे बोलता येतं असं म्हटलं आहे: आत्ताच्या स्कंधांच्या आधारे, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाण्याच्या संदर्भात, आणि स्कंध थांबल्यावर, म्हणजे निर्वाणाच्या संदर्भात. म्हणजे त्यांचा भर पुद्गल ही एखादी वस्तू आहे यापेक्षा, तो कोणत्या संदर्भात सांगता येतो यावर आहे. वसुबंधूच्या 'द्रव्य की नाव' या कात्रीत हे म्हणणं सहज बसत नाही. खंडन वाचून आपण जो पुद्गलवाद समजतो, त्यापेक्षा त्यांचा स्वतःचा पुद्गलवाद बराच सावध दिसतो.

ही मूठभर माणसं नव्हती

'असेल एखादा छोटा पंथ' असं वाटत असेल तर सातव्या शतकातला युआन श्वांग वाचा (जुन्या पुस्तकांतला ह्युएनत्संग). तो सारनाथला १५०० सम्मितीय भिक्षूंची नोंद करतो, वलभीला ६०००, सिंधमध्ये १०,००० आणि माळव्यात २०,०००. प्रवाशाचे आकडे गोल असतात, ते जनगणनेसारखे वापरू नका. पण निरनिराळ्या प्रदेशांबद्दल तो हेच सांगतोय, याला वजन आहे. सारनाथच्या अशोकस्तंभावर नंतरच्या काळात कोरलेल्या एका लेखातही सम्मितीय आणि वात्सीपुत्रीय आचार्यांचा उल्लेख आहे. ज्या सारनाथला अनात्माचं प्रवचन झालं असं परंपरा सांगते, तिथेच पुद्गल मानणारे भिक्षू राहत होते.

युआन श्वांगने चीनला परत जाताना ६५७ ग्रंथ नेले. त्यांत सम्मितीयांचे १५ होते. पुढे त्याने ७५ च्या आसपास ग्रंथांचं भाषांतर केलं. त्यांत वसुबंधूचं खंडन आहे, सम्मितीयांचा एकही ग्रंथ नाही. ते पंधरा ग्रंथ आज आपल्याकडे नाहीत. एखाद्या मताचा इतिहासातून आवाज जातो तो वादात हरल्यामुळेच असं नाही. कधी कधी भाषांतर करणाऱ्याने पोथी उघडली नाही, एवढंही कारण पुरतं.

मग हे लोक 'खरे' बौद्ध होते का? आठव्या शतकातला शांतरक्षित 'तत्त्वसंग्रहा'त त्यांच्याबद्दल, स्वतःला बुद्धाचे अनुयायी समजणारे, अशा सुरात बोलतो. पण वसुबंधूचाच टीकाकार यशोमित्र म्हणतो की वात्सीपुत्रीयांना मुक्ती नाही असं कोणी म्हणत नाही, कारण ते बौद्धच आहेत. दोन्ही साक्षी ठेवा. एकच उचललीत तर तुम्ही इतिहासकार न राहता पक्षकार झालात.

पुन्हा नाशिकला

शिलालेख वाचून मी उड्या मारत सरांकडे गेले. "सर, नाशिकचे भिक्षू आत्मा मानत होते!" सर हसले. "आधी चुकून एक बाजू घेतलीस, आता चुकून दुसरी."

बघा, पुरावा काय आहे? नाशिकला भद्रायणीय. कान्हेरीच्या चैत्यगृहातल्या लेखातही भद्रायणीय. कार्ल्याला सोपाऱ्याहून आलेल्या धम्मुत्तरीय भाणकाने दिलेला खांब. जुन्नरच्या एका लेखात धम्मुत्तरीयांचा भिक्षुणी-उपाश्रय. वसुमित्राच्या नावावरच्या निकाय-ग्रंथात आणि 'दीपवंसा'तही भद्रायणीय, धर्मोत्तरीय, सम्मितीय आणि षण्णगरिक या चार शाखा वात्सीपुत्रीयांमधून निघालेल्या सांगितल्या आहेत. सह्याद्रीच्या लेण्यांत या घराण्याचे निकाय होते, एवढं आपण ठामपणे म्हणू शकतो.

पण निकाय म्हणजे मुख्यतः दीक्षेची आणि विनयाची परंपरा. भद्रायणीय निकायात दीक्षा घेतलेला प्रत्येक भिक्षू पुद्गलावर तेच मत बाळगत होता, हे शिलालेख सांगत नाही. दानलेखात दाता, दान आणि घेणारा असतो, तत्त्वज्ञान नसतं. म्हणून प्रबंधात लिहायचं वाक्य असं: 'ज्या निकायांचं मूळ परंपरेने वात्सीपुत्रीयांशी जोडलं आहे, असे निकाय दुसऱ्या शतकाच्या आसपास पश्चिम दख्खनमध्ये होते. त्यामुळे इथल्या सर्व बौद्धांची आत्म्याविषयीची भूमिका एकच होती, असं गृहीत धरता येत नाही.' वाक्य लांब आहे, मिळमिळीत वाटतं. पण ते टिकतं.

शब्दांचे सापळे

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, 'पुद्गल' हा शब्द जैन ग्रंथांत जड द्रव्यासाठी येतो, बौद्ध ग्रंथांत व्यक्तीसाठी. कोशातला पहिला अर्थ उचललात तर सगळा परिच्छेद उलटा होईल. दोन, मराठीतला 'आत्मा' संतसाहित्य आणि वेदान्ताचं ओझं घेऊन येतो. पालीतला 'अत्ता' कित्येकदा साधं 'स्वतः' असतो. धम्मपदात 'अत्त' नावाचा अख्खा वग्ग आहे, तो स्वतःला सावरण्याबद्दल आहे. तिथे 'आत्मा' लिहून बघा, काय गोंधळ होतो ते कळेल.

हा वाद मेलेला नाही

शेवटचं. हे सगळं दोन हजार वर्षं जुनं आहे असं समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत बुद्धधम्मातल्या चार अडचणी मांडल्या. त्यातली एक हीच: आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? त्यांचं उत्तर पुद्गलवाद्यांचं नाही, वसुबंधूचंही नाही. आत्म्याचा पुनर्जन्म त्यांनी नाकारला, आणि मागच्या जन्माच्या कर्मावर आजच्या माणसाची स्थिती ढकलणाऱ्या सिद्धांताला विरोध केला. 'मागच्या जन्मीचं पाप' हे शब्द ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले, त्यांच्यासाठी 'फळ भोगतो कोण' हा नुसता तत्त्वज्ञानाचा प्रश्न कधीच नव्हता. नाशिकचे भिक्षू, वसुबंधू आणि बाबासाहेब यांची उत्तरं वेगळी आहेत. प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो माणसाच्या जबाबदारीचा आहे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातलं असं एक वाक्य निवडा, जे प्रत्येक पुस्तकात प्रश्न न विचारता येतं. त्याच्यापुढे ते तीन शब्द लिहा: कोणाचं? कधी? कुठे? मग पुरावा दोन रकान्यांत मांडा. एकात, त्या लोकांनी स्वतः सांगितलेलं. दुसऱ्यात, इतरांनी त्यांच्याबद्दल सांगितलेलं. पहिला रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका. कदाचित तुमचा विषय तिथेच असेल.

माझ्या आराखड्याचं शीर्षक नंतर बदललं. पेन्सिलीने लिहिलेले ते तीन शब्द मात्र मी खोडलेले नाहीत.